दार हळू लावा

पुट्टीशेठला आईबापांनी एक नाव ठेवलं होतं म्हणे, पण ते आता फक्त वीजबिलावर उरलं होतं. गाडीच्या पत्र्यातले खड्डे पुट्टीने भरायचे आणि पॉलिश पेपरने घासून असे सपाट करायचे की इथे खड्डा होता यावर मालकाचाही विश्वास बसू नये, हा त्याचा धंदा. हात चांगला होता, हे कबूल करायलाच हवं. तोंडाला मात्र कधी पॉलिश पेपर लागला नव्हता.

या धंद्याची गोम अशी, की काम जितकं उत्तम तितकं ते दिसत नाही. आणि पुट्टीशेठला तर कौतुकावाचून घास उतरत नसे. म्हणून गाडी न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो आधी पत्र्यावर बोट फिरवायला लावी. "सांगा बघू, कुठे होता पोचा? अहो, तिथे नाही. तिथेही नाही. हरलात?" कामावर जायला उशीर होत असलेलं गिऱ्हाईक बिचारं हरून मोकळं व्हायचं.

शेड बापाने ठेवलेली. मध्ये पत्र्याची आडभिंत घालून दोघा भावांनी ती वाटून घेतली होती. अलीकडे पुट्टीची धूळ, पलीकडे ठिणग्या, कारण थोरला भाऊ वेल्डिंग करायचा. आडभिंतही दादानेच वेल्ड केलेली, त्यामुळे पुट्टीशेठने आपल्या बाजूने तिचे सगळे जोड बुजवून घासून टाकले होते. दादाच्या जोडांना टेंगळं असत. "दिसेना का," दादा म्हणायचा, "सुटलं तर नाही ना?" एवढं ऐकलं की पुट्टीशेठचं डोकं फिरायचं.

एकदा चहा पिताना एका ड्रायव्हरने कुठेतरी पाहिलेल्या गाडीची गोष्ट काढली. दारांना हँडलच नाही, नुसता सपाट पत्रा! रिमोट दाबला की आतलं कुलूप सुटतं आणि दार आपोआप पुढे येतं. पुट्टीशेठच्या हातातला चहा तसाच निवला.

"त्यात काय," दादा म्हणाला. "हँडल काढायचं, भोकावर पत्रा ठेवायचा, वेल्ड मारायचं."

"वेल्डिंगने पत्रा तापतो. तापला की वाकतो. मी चिकटवीन."

"चिकटव की. मुलांच्या वहीत चित्रं चिकटवतात तसं." दादा हसला. "दार जरा जोरात आपटलं की भेग पडेल. माझा शब्द आहे."

झालं! पुट्टीशेठने दुसऱ्याच दिवशी घरची गाडी शेडमध्ये घेतली. ही गाडी बायकोच्या हट्टाने आलेली. तिची आई लांब एकटी राहायची आणि बस बदलत तिच्याकडे जायचं म्हणजे दिवस मोडायचा. पण आता गाडीला त्याहून थोर काम लागलं होतं.

काम त्याने जीव ओतून केलं, यात शंका नाही. हँडलं काढली, आत रिमोटवर सुटणारी कुलपं बसवली, भोकाभोवतीचा रंग खरवडून पत्रा उघडा केला. आतल्या बाजूने भोकाहून थोडा मोठा तुकडा दोन नळ्यांतला गोंद कालवून बसवला आणि सुकेपर्यंत चिमट्यांनी आवळून ठेवला. मग पुट्टीचे पातळ थर. एक वाळला की घासायचा, मग दुसरा. घाई केली की पुट्टी बसते, खळगा पडतो. चारही दारं झाली तरी हौस भागेना, म्हणून डिकीचंही हँडल गेलं. रंग चढल्यावर गाडी ओल्या साबणाच्या वडीसारखी दिसू लागली. दादाने चष्मा लावून दारावर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि इतकंच म्हणाला, "आता चालव. मग बघू."

ते "मग बघू" पुट्टीशेठच्या मानगुटीवर बसलं. दार आपटलं तर? त्याने डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवली, "दार हळू लावा". मग ठरलं, की दार फक्त तोच लावणार, दोन्ही तळव्यांनी, झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तसं. पुढे खड्ड्यांचे रस्ते बंद झाले, मग ऊन बंद झालं, आणि शेवटी गाडीच बंद झाली. ती चादरीखाली उभी राहायची आणि पुट्टीशेठ बसला लोंबकळत सामान आणायला जायचा. बायकोही आईकडे पुन्हा बस बदलत जाऊ लागली.

"पडली का रे भेग?" आडभिंतीपलीकडून आवाज यायचा.

"नाही पडली!"

"न चालवता कशी पडेल?"

मग सासूबाई घरात पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. बायकोने त्याला स्पष्ट सांगितलं, "आईला सोडतील त्या दिवशी आपल्या गाडीने तिला इकडे आणायचं. एवढं एक करा, पुन्हा काही मागणार नाही." पुट्टीशेठने शब्द दिला. द्यावाच लागला.

त्या दिवशी शेडसमोर गाडीवरची चादर निघाली. बायको मागे उश्या रचून, मांडीवर पर्स घेऊन पुढे बसली. पुट्टीशेठने तिचं दार तळव्यांनी लावलं, आपलंही लावलं, चावी खोचली आणि थांबला.

"आईंना एक सांगशील का? उतरताना दाराला धरायचं नाही."

"मग कशाला धरायचं? तिच्या खुब्यात लोखंड घातलंय."

"तेच म्हणतो मी. भार पडला की दार लचकतं." पुट्टीशेठने घसा साफ केला. "असं करू, त्यांना रिक्षाने आणू. आपण गाडी घेऊन मागोमाग येऊ. हळूहळू."

इतक्या वर्षांत बायकोने या माणसाचं बोटं फिरवणं खूप सहन केलं होतं. तिने पर्समधला आपला रिमोट दाबला, पर्स उचलली, उतरली, आणि अंगात होती नव्हती तेवढी ताकद लावून दार आपटलं. चादरीवरची धूळ उडाली. पलीकडे दादाने वेल्डिंग थांबवलं.

पुट्टीशेठ बाहेर झेपावला, सवयीने आपलं दार अलगद लावलं आणि धावत वळसा घालून गुडघ्यांवर बसला. डोळा पत्र्याला लावून त्याने वरून खाली, डावीकडून उजवीकडे बोट फिरवलं. भेग नव्हती! केसाएवढीही नव्हती! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दादा!" तो ओरडला. "ये, बघ! आपटलं तरी नाही पडली! ये ना!"

दादा आला, पण व्हॅनची चावी घेऊन. त्या व्हॅनच्या दाराला हँडलच्या जागी टेंगळांनी जोडलेली लोखंडी कडी होती आणि आत तसाच एक दांडा. "बस," तो धाकट्याच्या बायकोला म्हणाला. "आईंना दांडा घट्ट धरू दे. नाही निघायचा." तिने दार आपटून लावलं. व्हॅन खडखडत गेली.

"अगं, बघून तरी जा!" पुट्टीशेठ मागून ओरडला.

रस्ता रिकामा झाल्यावर त्याला वाटलं, आता आपणही जावं. दार तर टिकलं, भीती कसली? तो उठला आणि त्याचा हात सवयीने हँडल होतं तिथे गेला. हात सपाट पत्र्यावरून घसरला. चावी आत होती, त्याच कडीत रिमोट होता, फोन सीटवर होता. दुसरा रिमोट बायकोच्या पर्समध्ये होता. तो एकेका दाराशी गेला, डिकीशी गेला. कुठेही बोट अडकवायला जागा नव्हती. काम खरंच चोख झालं होतं.

शेवटी तो शेडमधून हातोडा घेऊन आला आणि दाराच्या काचेवर उगारला. मग त्याच्या मनात आलं, काच फोडली तर दार हादरेल.

त्याने हातोडा खाली ठेवला, चादर झटकली आणि गाडीवर नीट पांघरली.