ग्रहाची जास्तीची ऊब

"आधी साधं कारण शोधा," असं म्हणत त्या तर्जनी वर करायच्या. लिफ्ट अडकली, दूध नासलं, कोणाच्या मुलाला मार्क कमी पडले, काहीही असो, वाक्य हेच. तुमच्याही सोसायटीत असं एखादं माणूस असेल. रहाटणीत आमच्या शेजारी ह्या मॅडम होत्या.

त्या डार्क मॅटर शोधायच्या, म्हणजे विश्वात भरून राहिलेला पण कोणालाच न दिसणारा पदार्थ. कोणी तो ताऱ्यांत शोधतं, कोणी कृष्णविवरांभोवती. आमच्या मॅडम दूरच्या ग्रहांत शोधायच्या. तो ग्रहाच्या पोटात साचला तर ग्रह जरा जास्त तापेल, असा त्यांचा तर्क. मी चाकणला कारखान्यात भट्टीवर सुपरवायझर, त्यामुळे तापण्याची भाषा मला कळायची.

"मग नुसतं तापमान बघायचं?"

"नाही हो! ताऱ्याचं ऊन वजा करायचं, ग्रह म्हातारा होईल तशी निवत जाणारी जन्माची ऊब वजा करायची. तरी काही उरलं, तर बोलायचं."

एका ग्रहाच्या बाबतीत उरलं. मॅडम जेवायचं विसरू लागल्या. त्यांची संशोधन संस्थेतली नेमणूक संपत आली होती. हे खरं ठरलं तर मुदत वाढणार, नाहीतर सामान बांधायचं. परदेशातले सहकारी त्या ताऱ्याचं वय पुन्हा तपासत होते. तारा तरुण निघाला, तर त्याचा ग्रहही तरुण. मग ती ऊब जन्माचीच, आणि सगळ्या मेहनतीवर पाणी.

पण आमच्याकडे धीर कोणाला? सेक्रेटरींनी ग्रुपवर बातमी टाकली. आमची इमारत ज्यांच्या शेतावर उभी आहे, त्या दादांनी गेटवर फ्लेक्सच लावला: 'डार्क मॅटर शोधल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. मॅडमचा फोटो लहान, दादांचा मोठा.

"अहो दादा, अजून सापडलेलं नाही!" मॅडम फ्लेक्सकडे बोट दाखवत म्हणाल्या.

"घावंल की. रविवारी सत्कार हाय."

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. दादांचं भाषण रंगात आलं असतानाच मॅडमच्या मोबाइलवर मेल आली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"तारा तरुण आहे," त्या पुटपुटल्या.

मी त्यांच्या कानाशी वाकलो. "आत्ता कोणाला कळतंय? शाल घ्या, मग बघू."

दादा शाल उलगडून पुढे आले. सगळ्यांचे मोबाइल वर झाले. मॅडम उठल्या आणि त्यांनी हातानं शाल थोपवली.

"दादा, साधं कारण सापडलं. तो ग्रह अजून लहान आहे, म्हणून गरम आहे. हा सत्कार मला घेता येणार नाही."

टाळ्या सुरू झाल्या होत्या, त्या मध्येच विझल्या.

"म्हंजी न्हाई घावलं?"

"नाही."

"ह्ये चार दिसांनी सांगितलं असतं तर चाललं नसतं व्हय?" दादांचा आवाज चढला. "माझं पाव्हणं बसल्यात हितं!"

"तुम्ही फ्लेक्स चार दिवसांनी लावला असता, तर चाललं नसतं?"

दादा शाल खुर्चीवर टाकून मोकळे झाले. मग घरच्या माणसांकडे वळून ओरडले, "आरं, उतरवा त्यो फ्लेक्स! आन् पेढं वाटा, आणल्यात तर."

मुदत वाढली नाही. सामानाला टेम्पो दादांनीच पाठवला. मॅडम ड्रायव्हरशेजारी बसल्या, मांडीवर लॅपटॉप उघडा.

"पोचल्यावर फोन करा," मी खिडकीशी म्हणालो.

"हो हो." मान वर नाही.

"नवा ग्रह?"

"म्हातारा आहे," त्या म्हणाल्या. "चांगला म्हातारा." आणि टेम्पो निघाला.