सारजाची फळी

निरवांगीच्या अंगणवाडीतली सारजा सावळी होती. लोकांनी तेवढंच पाहिलं. पोरांना मांडीवर घेऊन गाणी म्हणताना ती कशी दिसते, हे बघायला कुणी अंगणवाडीत थोडंच येणार होतं? पाहुणे घरी यायचे, पोहे संपवायचे आणि "कळवतो" म्हणून चालू लागायचे. असे अकरा पाहुणे येऊन गेले. मी गावच्या शाळेत मास्तरीण, राहायला तिच्या शेजारी, मधे एकच भिंत. त्यामुळे सगळे माझ्या डोळ्यांदेखत आले नि गेले.

तिची आई साखरबाई मोठी चिवट. नवरा लवकर गेलेला, मेंढरं विकून टाकलेली, लेक एकुलती एक. नकार आला की ती रडत बसायची नाही, कुणाला तरी विचारून नवा उपाय घेऊन यायची. कळंबच्या पाहुण्यांनी नाही म्हटलं तेव्हा मसुराची डाळ आणि साय सुरू झाली. वालचंदनगरच्या क्वार्टरमधल्या मुलाने नाही म्हटलं तेव्हा मुलतानी माती आली. मग संत्र्याच्या साली, ग्लिसरीन, गुलाबपाणी, स्नो. नवा उपाय आला म्हणून जुना काही बंद व्हायचा नाही. होता होता फळीवर नऊ डबे-बाटल्या जमल्या. कशानंतर काय लावायचं, हे त्या मायलेकींनाच ठाऊक.

रोज संध्याकाळी साखरबाई पाट्यावर वाटायची, लेकीचं डोकं मांडीवर घ्यायची आणि लावायला बसायची. "हलू नगंस," एवढंच बोलायची. दीड-दीड तास हे चालायचं. मला हसू यायचं आणि रागही यायचा. सारजाने तिशी ओलांडली, पाहुणे यायचे थांबले, तरी लेप थांबले नाहीत. आता हे कुणासाठी चाललंय, असं मी एकदा तोंडावर विचारलं. साखरबाईने वाटीतला लेप ढवळला आणि पुन्हा बोट बुडवलं.

शहाण्णव साली साखरबाई गेली. मला वाटलं, आता तरी ही थेरं बंद होतील. पण सारजा एकटीच वाटायची, एकटीच लावायची. संध्याकाळ झाली की भिंतीपलीकडून वरवंट्याचा आवाज ठरलेला. तेव्हा मी एक शहाणपणा केला. बारामतीच्या बाजारात एक ट्यूब मिळाली, एका ट्यूबमध्ये सगळं आलं म्हणे. ती तिला आणून दिली आणि म्हटलं, ही लाव, बाकीचं सोड. सारजाने ती लावली, पण दहावी म्हणून.

पंधरा दिवसांत तिचा चेहरा भाजल्यासारखा झाला, गालांची सालटी निघाली. अंगणवाडीतली पोरं तिला बघून दारातच भोकाड पसरायला लागली. सुपरवायझरबाईंनी बजावलं की चेहरा बरा होईपर्यंत घरी बस, महिन्याभरात नाही झाला तर दुसरी बाई बघावी लागेल. सारजाला त्या पोरांवाचून आता कुणी नव्हतं. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. तिला एसटीत घालून मी बारामतीला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

काय काय लावता, असं त्यांनी विचारलं. सारजाने दहाही गोष्टी न अडखळता, क्रमाने सांगितल्या. बाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. आजपासून हे सगळं बंद, त्या म्हणाल्या. सकाळी साधं पाणी, संध्याकाळी बोटभर खोबरेल तेल, बस.

"मग सांजच्याला काय करू?" सारजाने विचारलं.

सांगितलं ना तेल लावायचं, असं म्हणून बाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मी मात्र त्या प्रश्नापाशीच अडले. इतकी वर्षं मी लेप मोजत बसले होते, आणि त्या माउलीची मांडी मला दिसलीच नव्हती.

चेहरा महिन्याच्या आत निवळला. पोरं पुन्हा मांडीवर येऊन बसली. एका संध्याकाळी मी भाजी द्यायला गेले, तर सारजा तेलाची वाटी पुढे ठेवून नुसती बसली होती. फळी रिकामी होती आणि पाटा धुऊन भिंतीला लावलेला.

"एवढ्यात झालं बगा, बाई," ती म्हणाली. "समदी सांज पडून ऱ्हाती."

मी खाली बसले आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिने मुकाट्याने डोळे मिटले. लावलेल्या तेलावरच मी पुन्हा तेल लावलं, कपाळाला, गालांना, हनुवटीला. बऱ्याच वेळाने तिने डोळे न उघडता विचारलं, "झालं का?"

"न्हाय अजून," मी म्हणाले. "हलू नगंस."

उद्या येते, असं सांगून मी उठले. दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे आले. तिसऱ्या दिवशी पेपर तपासायचे होते. भिंतीपलीकडून आता वरवंट्याचा आवाजही येत नव्हता, त्यामुळे मला आठवण करून द्यायलाही काही उरलं नव्हतं.