उंची कुठे लिहिलीय?

दुपारचं जेवण झाल्यावर हेमांगीचे डोळे मिटायला लागतात. मिरजेतल्या एका दवाखान्यात ती हृदयाची सोनोग्राफी करते. लोक या तपासणीला टूडी-एको म्हणतात. समोर सुंदराबाई लोहारांचा रिपोर्ट आहे. हृदयाचा डावा कप्पा पाच सेंटिमीटर. बायकांसाठी छापलेली मर्यादा पाच पूर्णांक दोन. म्हणजे नॉर्मल. चारला डॉक्टर येऊन सही करतील. पाचच मिनिटं, म्हणत ती टेबलावर डोकं टेकवते.

मशीनचा बंद केलेला पडदा उजळतो. स्टुलावर नाईकवडी सर बसलेत. सरांना जाऊन दीड वर्ष झालं, तरी हेमांगीला नवल वाटत नाही. शिकताना राहायची तशी ती उठून उभी राहते.

"बस गं," सर म्हणतात. "हृदय पूर्ण भरलेलं असताना माप घेतलंस ना?"

"हो सर. दोनदा."

"रेष तिरकी नाही ना गेली?"

"नाही."

सर खूश होतात. थंडीच्या दिवसांत जेल आधी स्वतःच्या तळव्यावर कोमट करून मगच पेशंटला लावणारा हा माणूस. कुणी चुकलं तर ओरडायचे नाहीत. खुर्ची जवळ ओढून पुन्हा पहिल्यापासून दाखवायचे. हेमांगीला जे काही येतं ते यांच्यामुळेच.

"मग उंची कुठे लिहिलीय?"

ती रिपोर्ट उलटून बघते. कागद ओला लागतो. पायाखाली कृष्णेचा घाट आहे. पायऱ्यांवर माणसं बसलीत आणि प्रत्येकाचं हृदय काचेतून दिसावं तसं दिसतंय. सर एका पैलवानापाशी थांबतात.

"याचं साडेपाच. काही झालेलं नाही त्याला. एवढ्या देहाला रक्त पुरवायचं तर तेवढं लागणारच."

खालच्या पायरीवर सुंदराबाई. एवढ्याशा, की पाय लोंबकळतायत.

"आणि हिचं पाच."

"मर्यादेत आहे, सर."

सर सुंदराबाईंच्या लोंबकळत्या पायांकडे बोट दाखवतात. हेमांगी बघते, आणि तिला आठवतं. "जिना चढलं की दम लागतो ओ मॅडम," असं सकाळी बाई म्हणाल्या होत्या. ती तेव्हा मशीनची बटणं दाबत होती.

"चुकलं माझं, सर."

"सही कुठे झालीय अजून?"

घाटाच्या टोकाला दवाखान्याचं दार उभं आहे. सर सुंदराबाईंना हात धरून तिथे नेतात, चौकटीला टेकवून उभं करतात आणि खिशातली पेन्सिल काढून डोक्याला लागून लाकडावर रेघ मारतात.

"नुसता आकडा वाचायचा नाही, बाळ. माणूस शेजारी उभा करायचा."

"सर, थांबा ना थोडं."

"तुझे पेशंट आहेत बाहेर," सर हसून म्हणतात.

जाग येते तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झालीत. हेमांगी धडपडत बाहेर येते. सुंदराबाई बाकावरच आहेत.

"बाई, जरा या. उंची-वजन राहिलंय तुमचं."

एकशे बेचाळीस सेंटिमीटर. अडतीस किलो. हे आकडे घातल्यावर मशीन त्या देहाच्या मानाने हिशेब करतं: कप्पा मोठा झालाय, बराच मोठा. हेमांगी 'नॉर्मल' खोडते आणि डॉक्टरांना फोन लावते.

"त्यांना घरी सोडू नकोस," डॉक्टर म्हणतात. "मी आत्ता निघतो."

"काय वाईट हाय का ओ?" सुंदराबाई दारात उभ्या राहून विचारतात.

"वेळेवर कळलंय, बाई. औषध सुरू होईल आजच."

बोलता बोलता हेमांगीची नजर चौकटीवर जाते. सुंदराबाईंच्या डोक्याला अगदी लागून पेन्सिलची एक आडवी रेघ आहे. ती हळूच बोट फिरवते. बोट काळं होतं.