अकरा नंबरचा तक्ता

आक्का गेली त्याला आज एकोणचाळीस दिवस झाले. त्या दिवशी सकाळी सव्वासहाला तिच्या सासरहून, गडमुडशिंगीहून, दाजींचा फोन आला. "आक्का गेली रे. झोपंतच. या आवरून," एवढंच बोलले आणि फोन ठेवला. मी, माझी पत्नी रेखा आणि आमची दहा वर्षांची अनघा पोहोचलो, तेव्हा अंगणात चाळीसएक माणसं होती. त्यातल्या निम्म्या बायकांना मी ओळखत नव्हतो. त्यांच्या घरी आक्का कधीतरी भिंतीला टेकून, मांडीवर कागद घेऊन बसलेली होती, हे मागाहून बोलण्यातून कळलं.

सुमनआक्का माझी सख्खी बहीण, सात वर्षांनी मोठी. लग्नानंतर ती गावात बालवाडी चालवायची. स्वतःची मुलं हायस्कूलला गेल्यावर, एक्केचाळिसाव्या वर्षी, तिनं विद्यापीठात नाव घातलं. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचं वागणं आणि त्यांच्या मनाचं आरोग्य, असा तो विषय. मला आधी तो कळलाच नाही. तान्ह्या मुलाला मन असतं हे मान्य, पण त्याचं आरोग्य मोजणार कशानं? तिच्या सासूबाईंचा प्रश्न तर सरळ होता. "आमी पाच वाढवली, कुठल्या कालेजात गेलतो?" आक्का म्हणाली, "म्हनून तर इचाराय आले आत्या, पाच कशी वाढवलीसा?" त्यावर सासूबाई तासभर बोलत होत्या आणि आक्का लिहून घेत होती. सिटी बसनं ती विद्यापीठात जायची. वर्गातल्या मुली तिच्या निम्म्या वयाच्या. त्या तिला मावशी म्हणायच्या आणि परीक्षेच्या आधी तिच्याच वह्या मागून न्यायच्या.

दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी तिला वीस घरं हवी होती, प्रत्येकात सहा महिन्यांच्या आतलं मूल. दर पंधरा दिवसांनी दुपारी त्या घरी जायचं, दहा मिनिटं घड्याळ लावून बसायचं आणि फक्त मोजायचं. आई बाळाशी किती वेळा बोलली, बाळानं किती वेळा आवाज केला, त्या आवाजाला किती वेळा उत्तर मिळालं. सल्ला द्यायचा नाही, बाळाला उचलायचं नाही. मदत केली की ते घर अभ्यासातून बाद, असा तिच्या मॅडमचा कडक नियम होता. तक्त्यावर नावही घालायचं नाही, फक्त क्रमांक. अनघा तेव्हा दोन महिन्यांची होती, त्यामुळे राजारामपुरीतलं आमचं घरही त्या विसांत होतं. आक्का यायची तेव्हा मी ऑफिसात असायचो. मी एका दूध संस्थेत हिशेबनीस. म्हणून बेरजा आणि सरासऱ्या तिनं माझ्याकडं दिल्या. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं तक्ते पसरून बसायचो. चार नंबरचे आकडे सगळ्यांत चांगले होते. ते घर आपलंच, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. विचारलं तर आक्का नुसती हसायची.

अडचण अकरा नंबरची होती. बाकी घरांत उत्तरांच्या रकान्यात आठ, बारा, कुठं एकोणीस. अकरा नंबरला पहिल्या भेटीत दोन, मग एक, मग सलग दोनदा शून्य. बाळाच्या आवाजांचा आकडाही प्रत्येक भेटीला खाली येत होता. एका घरानं सगळी सरासरी खाली ओढलेली. मी म्हणालो, "आक्का, ह्यो तक्ता काढून टाक. शून्य कुठं असतंय व्हय? तू लिवायचं इसरलीस."

"न्हाय इसरले. मोजून घातलंय."

"मग बाई कसली म्हनायची ती? दगडच की. पोरगं आवाज देतंय आनि ही गप?"

आक्कानं चहाचा कप खाली ठेवला. रेखा आत भाकरी थापत होती, त्याचा आवाज तेवढा येत होता... आक्कानं तक्ते गोळा केले, पिशवीत घातले आणि बस चुकंल म्हणून निघून गेली. बसला अजून पाऊण तास होता.

बुधवारी ती माझ्या ऑफिसात आली. आयुष्यात पहिल्यांदाच. बाहेर चहाच्या गाड्याजवळ उभी राहून म्हणाली, "रेखाला इचारून आले. तिनं सांगा म्हटलं, म्हनून सांगते. अकरा नंबर तुझं घर हाय."

माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : "तिला येड लागलंय का?"

"येड न्हाय लागलं. बाळंतपणानं मन खचलंय तिचं. ताप आला असता तर असं बोलला असतास? दवाखान्यात न्यायचं हाय. तू येनार का मी एकटी नेऊ?"

मी गेलो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, झोप पुरी होऊ द्या म्हणाले. माझ्या आईला गावाहून बोलावून घेतलं. पण डॉक्टरांकडं जाण्याआधीच आक्कानं अकरा नंबरच्या तक्त्यावर आडवी रेघ मारली होती. मदत केली, म्हणजे घर बाद. वीसची एकोणीस घरं झाली. नवं घर, नवं बाळ शोधून पहिल्यापासून मोजायला तिला पुढचं वर्ष लागलं आणि तिची पदवी एक वर्ष लांबली. बरोबरच्या मुली नोकरीला लागल्या. ती रोज दुपारी गडमुडशिंगीहून आमच्याकडं येत होती आणि चारच्या बसनं परत जात होती. मी कधी आभार मानले नाहीत. तिनं विसावा तक्ता आणून दिला, त्याची सरासरी मात्र मी त्याच दिवशी काढून दिली.

रोजच्या त्या दुपारी आक्का आणि रेखा काय करत होत्या, हे मी कधी विचारलं नव्हतं. अनघा पाच महिन्यांची होईतो पुन्हा आवाज करायला लागली, सात महिन्यांची असताना रेखा तिच्याशी बोलत खिडकीतून रिक्षा दाखवत होती ते मी ऐकलं, एवढं मला माहीत होतं. परवा रात्रीचं जेवण आटोपून रेखा भांडी पुसत होती. आक्काचा विषय निघाला, तेव्हा ती आपणहून बोलली.

"मी आक्कांना पहिल्या दिवशी म्हटलं होतं, हिला तुमच्याकडं घेऊन जावा. माझ्याच्यानं होत नाही."

"मग?"

"म्हणाल्या, नेते की. पण आजचा दिवस ऱ्हाऊ दे, उद्या नेते. दुसऱ्या दिवशी मी परत तेच म्हटलं. त्या परत तेच म्हणाल्या. रोज. कधी रागावल्या नाहीत, असं बोलू नये म्हणाल्या नाहीत. अनघाला मांडीवर घेऊन बसायच्या, ती काही बोलली की माझ्याकडं बघून म्हणायच्या, ऐकलं काय, तुलाच हाक मारतीया."

किती दिवस, असं मी विचारलं. सवयच ती. रेखानं मोजले नव्हते.

"मग एक दिवस दुपट्यांची पिशवी भरून दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, चला, आज नेते हिला. आमच्या सासूबाईंना सांगून आलीया घरात."

"आणि तू?"

रेखानं शेवटचं ताट पुसून मांडणीत लावलं.

"मी म्हटलं, आज नको. उद्या."