मानपत्रातली एक ओळ

कळव्याच्या आमच्या चाळीत मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे असायचं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. दरवर्षी गणपतीत कुणाचा ना कुणाचा सत्कार व्हायचा. मजकूर मंडळाचे अध्यक्ष सांगायचे आणि विशेषणांच्या बाबतीत त्यांचा हात फारच सढळ होता. मी नुकतीच डी.एड. झाले होते. त्यांच्या प्रत्येक वाक्यावर मला लाल रेघ मारावीशी वाटायची.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी सत्कार समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंचा होता. उन्हाळ्यात त्यांच्या शेजारच्या खोलीत स्टोव्हचा भडका उडाला, आणि आत पलंगावर लहान मुलगी झोपलेली. काकूंनी पिंपात चादर बुचकळली, अंगावर घेतली आणि आत शिरल्या. मुलगी सुखरूप बाहेर आली, काकूंचे हात मात्र कोपरापर्यंत भाजले. काका, म्हणजे त्यांचे यजमान, भरलेली बादली घेऊन दारात उभे होते. त्यांचे पाय उचललेच गेले नाहीत. अख्ख्या चाळीने ते पाहिलं.

मग नाक्यावरची पोरं त्यांना बांगड्यांचा भाव विचारू लागली. रोज खाली कॅरम खेळायला येणारा हा माणूस कंपनीत जाताना मागच्या, खाडीकडच्या वाटेने जाऊ लागला. त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. काकू आईजवळ बसून सांगायच्या की ह्यांचं काही खरं दिसत नाही.

अध्यक्षांनी मजकूर सांगितला, त्यात ओळ होती: ‘बाई असूनही पुरुषांना लाजवील असे धैर्य.’ मी तो काकूंना वाचून दाखवायला गेले. त्या ओळीशी त्यांनी मला थांबवलं. काका आतल्या खोलीत होते, म्हणून आवाज खाली आणून म्हणाल्या, “ही ओळ काढ गं. आधीच माणूस अर्धा झालाय.”

मी ‘रणरागिणी’ सुचवलं. त्यांनी हात पुढे केले. कातडी गुलाबी, ताणलेली, मूठ अजून नीट वळत नव्हती. रणरागिणीचे हात असे असतात का, असं त्यांनी विचारलं. मग मी मर्दानी म्हणून पाहिलं, वाघीण म्हणून पाहिलं, साक्षात दुर्गासुद्धा. कुठल्याही शब्दात शिरायचं तर बाईला एक तर पुरुष व्हावं लागत होतं, नाही तर देवी. मला भयंकर राग आला. वर्गात रडणाऱ्या मुलाला ‘बायकांसारखं रडू नकोस’ म्हणायलाही आम्ही शिक्षकच पुढे असतो. शेवटी मी काकूंनाच विचारलं, आत जाताना काय वाटलं?

“भीती वाटली. दुसरं काय वाटणार?”

तेच मी लिहिलं: ‘भीती वाटत असतानाही आपण आत गेलात आणि एक मूल वाचले.’ अध्यक्षांना हे फारच मिळमिळीत वाटलं, पण कुरकुरत का होईना त्यांनी सही केली.

सत्काराला काका यायलाच तयार नव्हते. मानपत्रात कुणाला लाजवणारं काही नाही, असं सांगून काकूंनी त्यांना आणलं. मांडवात नेहमीप्रमाणे एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. काका पुरुषांत पुढच्या रांगेत बसले. अध्यक्षांनी मानपत्र शब्द न् शब्द वाचलं, काकूंच्या हातात नारळ दिला, कागद खाली ठेवला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने बोलून गेले, “अशी ही माउली, जिने आपल्या चाळीतल्या पुरुषांना लाजवलं.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कोणीतरी शिट्टी मारली. काकांची मान खाली गेली ती वर येईना.

काकू टाळ्या थांबेपर्यंत माइकपाशी उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा अशा चारचौघांसमोर बोलत होत्या. “भीती मला वाटली, तशी ह्यांनाही वाटली. माझे पाय हलले, ह्यांचे नाही हलले. त्यानंतर तीन महिने माझी वेणी ह्यांनी घातलीय, मला भरवलंय ह्यांनी. लाजायचं कोणी आणि कशाला?”

काकू पायऱ्या उतरल्या आणि बायकांकडे न येता सरळ पुरुषांच्या रांगेत गेल्या. काकांशेजारचा माणूस उठून बाजूला झाला. त्या खुर्चीवर बसल्या. नारळ त्यांच्या हातात नीट धरवत नव्हता. काकांनी तो सगळ्यांदेखत आपल्या मांडीवर घेतला.