तीन किलो

"अप्पा, सगळ्या वजनांचे बॉक्सर एकत्र धरले तर आज जगात भारी कोण?" जेवता जेवता गुंडुरावांचा मुलगा वेंकटेश मोबाइलवरची क्रमवारी वाचू लागला. गुंडुरावांनी ताटातून मान वर केली नाही. म्हणे, वजन बाजूला ठेवून ठरवायचं!

तरुणपणी गुंडुराव म्हैसुरात चोपन्न किलोच्या गटात खेळायचे. त्या गटात त्यांच्यापुढे कुणी टिकत नसे. पण राज्य स्पर्धेला क्लबच्या सेक्रेटरीला आपला भाचा नेमका त्याच गटात घुसवायचा होता. "तू तीन किलो उतरव आणि खालच्या गटात खेळ. तिथं तुला कोण अडवतंय?" कोच गोड आवाजात म्हणाला आणि हा येडा हुरळला.

घरचा धंदा रंगाऱ्याचा. कापड रंगवायच्या उकळत्या हंड्याशेजारी कांबळं गुंडाळून तो घाम गाळत बसला, पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. स्पर्धेच्या सकाळी काट्यावर वजन बरोबर भरलं, तेव्हा कोचने पाठ थोपटली. भाचा बाजूला बसून इडल्या हाणत होता. रिंगमध्ये गुंडुरावांचे हातच वर होईनात. पहिल्याच फेरीत ते आडवे झाले. भाच्याला पदक मिळालं आणि पदकावर सरकारी नोकरी. गुंडुरावांचा जन्म मेटगळ्ळीच्या कारखान्यात मशीनपुढे उभं राहण्यात गेला.

"सांगा की अप्पा, तुमच्या मते पहिला कोण?"

"अय्यो, त्यात काय सांगायचं?" गुंडुरावांनी ताट पुढे सारून आणखी भात मागितला. "जो जेवून आला होता, तो."