प्लास्टिकात बंद केलेली पदवी

कागदावर एवढा जीव लावणारा माणूस आमच्या मोहाडीतच काय, अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा नसेल. हा माणूस म्हणजे माझे भासरे, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे सुनेने भासऱ्यांशी समोरासमोर बोलायचे नसते, म्हणून ते माझ्याशी वीस वर्षे भिंतीमार्फत बोलतात. "घरात कोनी असन तं चहा ठेवा म्हना," असे ते भिंतीला सांगतात आणि मी चहा ठेवते. बोलायचे नसले की माणूस नीट पाहता येतो.

त्यांचा छंद लॅमिनेशनचा. तहसील कचेरीसमोर त्याचे एक दुकान आहे. दुकानदार भासऱ्यांची सायकल दिसली की यंत्र तापवायला ठेवतो. आधार कार्ड सगळेच करतात. यांनी बैलाच्या लसीचा कागद, धानाच्या बियाण्याची रिकामी पिशवी आणि स्वतःची लग्नपत्रिकाही प्लास्टिकात घातली. एकदा रेशन कार्ड घडी न उघडताच लॅमिनेट करून आणले. रेशनवाला म्हणाला, "काका, आतली पानं कशी पाहू?" भासरे म्हणाले, "पाहाले कायले पायजे? आत काय आहे ते मले पाठ आहे. लिहून घे."

हसू येते, पण त्याला कारण आहे. तरुणपणी त्यांना जंगल खात्यात गार्डच्या नोकरीसाठी बोलावले होते. मुलाखतीच्या आदल्या दिवशी पेटी उघडली तर मॅट्रिकच्या गुणपत्रिकेच्या जागी माती. उदई, म्हणजे वाळवी, लागली होती. नवी गुणपत्रिका मिळेपर्यंत जागा भरून गेली, आणि भासरे घरच्या शेतात, धानाच्या बांधीवर, राहिले ते राहिलेच. "मॅट्रिक झालो मी, पन नोकरी खाल्ली उदईनं," असे ते अजून सांगतात आणि सगळ्यांत आधी स्वतःच हसतात.

त्यांची एकुलती मुलगी रोशनी नर्स झाली. नागपूरच्या दवाखान्यात तिने आठ वर्षे काम केले. तिची पदवी घरी आली तेव्हा ती ड्युटीवर होती. भासऱ्यांनी हात धुतले, पदवी छातीशी धरली आणि थेट दुकान गाठले. "सगळ्यात जाड लाव," म्हणाले.

पुढे रोशनी वर्षभर जर्मन भाषा शिकली आणि तिकडच्या एका दवाखान्याने तिला पसंत केले. पण इथली पदवी तिथे चालते की नाही, हे तिथले सरकार ठरवते. त्याआधी आपल्या सरकारचा शिक्का पदवीच्या मागे लागतो, मग भाषांतर होते, मग कागद तिकडे जातात. दवाखाना सहा महिने थांबणार होता. ती वडिलांना घेऊन नागपूरला शिक्क्याच्या कचेरीत कागद द्यायला गेली. तिथला माणूस पदवी उलटीपालटी करून म्हणाला, "काका, शिक्का कुठं मारू?"

"वरूनच मारा ना. मी फडक्यानं पुसून देतो."

"शिक्का कागदावर लागते, काका. प्लास्टिकवर नाही."

घरी आल्यावर त्यांनी विजेच्या जुन्या, लॅमिनेट केलेल्या बिलावर प्रयोग केला. "घरात कोनी असन तं इस्त्री तापवा म्हना," असा निरोप आला. मी इस्त्री दिली. प्लास्टिक निघाले, आणि त्याच्याबरोबर सगळी अक्षरेही निघाली. पदवीला इस्त्री लावायचा विचार त्यांनी तिथेच सोडला.

उरला एकच मार्ग, विद्यापीठातून दुसरी प्रत काढायची. अर्जासोबत पदवी हरवल्याचे प्रतिज्ञापत्र लागत होते. वकील म्हणाला, "हरवली असं लिहा, सगळेच लिहितात."

"हरवली कुठं? हे काय, माझ्या हातात आहे!"

"बाबा, लिहा ना हो," रोशनी रडकुंडीला आली, "दिवस जाऊन राहिले."

"खोटा कागद मी करनार नाही, पोरी. तिकडं तुले खरेपनावर तपासून राहिले." त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिले, की पदवी हरवलेली नसून अर्जदाराच्या वडिलांनी प्रेमापोटी खराब केली आहे. मग ती लॅमिनेट केलेली पदवी पुरावा म्हणून काखेत घेऊन ते लांबच्या त्या विद्यापीठात दोनदा जाऊन बसले. तिथल्या बाईंनी अर्ज वाचून शेजारच्या टेबलावर दिला, तिथून तो पुढच्या टेबलावर गेला. सगळे हसले म्हणे. पण प्रत मुदतीच्या आत मिळाली.

रोशनी गेली. आधी तिथल्या सरकारने तिला काही महिने आणखी शिकायला लावले. मग एके दिवशी फोन आला, की आता तिथल्या नर्सच्या बरोबरीची मानल्याचे पत्र मिळाले. आम्ही सगळे आनंदलो. संध्याकाळी भासरे मात्र माझ्या नवऱ्याला म्हणाले, "आठ वर्षं पोरगी घरी आली का म्हने, बाबा, हात द्या, बीपी पाहतो. मी म्हनो, तुले काय समजते, डॉक्टर पाहीन. परक्या देशानं मानलं रे. मीच नाही मानलं."

आता रोज दुपारी, तिची तिकडे सकाळ असते तेव्हा, भासरे ओसरीत ताठ बसतात. ती ठेवून गेलेल्या बीपीच्या यंत्राचा पट्टा दंडाला बांधतात आणि फोनसमोर आकडे मोठ्याने वाचतात. ती मीठ कमी करायला सांगते. ते मान खाली घालून म्हणतात, "हो, सिस्टर." फोन बंद होतो, तरी पट्टा बराच वेळ दंडावरच असतो.